निकाल माहीत असताना

इतिहासात एमए करतेय म्हटलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे एमपीएससी चाललंय का?" नाही म्हटलं की "बरं बरं, नेट-सेट देऊन प्राध्यापक होता येतं की", आणि त्यालाही मी फारशी मान डोलावली नाही की समोरचा माणूस मनातल्या मनात माझ्या आईवडिलांबद्दल हळहळतो आणि विषय बदलतो. नात्यातल्या एका काकांनी मात्र लग्नाच्या पंगतीत सरळच विचारलं होतं, "अगं पण ते सगळं घडून गेलंय ना, त्यात आता शिकायचं काय उरलंय?" सगळे हसले, मीही हसले, पण काकांना पत्ता नव्हता की त्यांनी आमच्या अख्ख्या विषयाच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय. सगळं घडून गेलंय आणि ते कसं संपलं हे आपल्याला माहितीये, हीच तर मोठी अडचण आहे.

शाळेपासून आपण इतिहास निकालासकट वाचतो. धड्याचं नावच 'मराठी सत्तेचा विस्तार' किंवा 'मराठी सत्तेचा अस्त' असं असतं, म्हणजे पहिली ओळ वाचायच्या आधीच कळतं की ह्यातली माणसं आता जिंकणार आहेत का बुडणार आहेत. मग त्यातला प्रत्येक माणूस जणू शेवट ठाऊक असल्यासारखा वागताना दिसतो, आणि चुकला की आपल्याला त्याचा राग येतो, अरे एवढं साधं कसं कळलं नाही ह्याला! मॅचचे हायलाइट्स बघताना आउट होणारा बॅट्समन जसा मूर्ख वाटतो ना, तसं. लाइव्ह बघताना तो मूर्ख वाटत नाही, कारण तेव्हा आपणही श्वास रोखून बसलेलो असतो.

एमएच्या पहिल्या सेमिस्टरला इतिहासलेखनशास्त्राचा पेपर असतो, ज्याला सगळे घाबरतात. रांके, मार्क्स, अ‍ॅनल्स स्कूल, सबाल्टर्न, ही सगळी मंडळी झेरॉक्सच्या नोट्समधून येतात आणि परीक्षा झाली की बरीचशी परत जातात. त्या पेपराबद्दल मला फार काही सांगायचं नाही, मार्क बरे पडले एवढंच. माझं डोकं खरं फिरलं ते मोडीच्या वर्गात.

मोडी म्हणजे मराठीच, फक्त लिपी वेगळी, हे ऐकून गेलेले सगळे पहिल्या आठवड्यात गार पडतात. कारण लिहिणाऱ्याने कागदावर आधी आडवी रेघ मारून घेतलेली असते आणि मग तिला लटकवत, हात शक्यतो न उचलता, एकामागून एक अक्षरं ओढत नेलेली असतात. दोन शब्दांत जागा नाही, वाक्य कुठे संपलं ते नाही, स्वल्पविराम-पूर्णविराम नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा तर प्रश्नच नाही. वर लघुरूपं वेगळी, 'राजश्री'साठी नुसतं 'रा', आणि चंद्राची तारीख सांगायला एक 'छ'. बाळबोध वळणाचा छापील तक्ता पाठ करून तुम्ही खऱ्या कागदासमोर बसलात की कळतं, त्या कारकुनाला तुमच्या तक्त्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला संध्याकाळपर्यंत गठ्ठा संपवायचा होता. पण एकदा डोळा बसला की मजा येते. एका ओळीवर अर्धा तास घालवून ती 'बहुत काय लिहिणे' निघाली की हसू येतं, कारण ती जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी असतेच.

लिपी जमली तरी तारीख जमेलच असं नाही. आमच्याकडच्या कागदांत कालगणनांची खिचडी आहे, शालिवाहन शक, हिजरी, फसली, राज्याभिषेक शक, आणि सगळ्यांत जास्त त्रास देणारा सुहूर सन. हा मृग नक्षत्र लागलं की बदलतो, म्हणजे शेतीच्या हंगामाला धरून, आणि आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहितात तोही एककापासून उलटा. 'इहिदे सितैन मया व अलफ', एक अधिक साठ अधिक शंभर अधिक हजार, झाले ११६१. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे सन १७६०-६१, पानिपतचं साल.

आणि इंग्रजांचे कागद तरी सोपे असतील असं समजू नका. १७५२ पर्यंत त्यांचं कॅलेंडर जुनं होतं, सतराव्या शतकात ते आजच्या हिशेबापेक्षा दहा दिवस मागे चालायचं, आणि त्यांचं नवं वर्ष लागायचं २५ मार्चला. त्यामुळे शिवाजी महाराजांनी सुरत पहिल्यांदा लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये, पण इंग्रज वखारवाल्यांच्या हिशेबाने तो जानेवारी १६६३ चाच. हे माहीत नसेल तर एकाच घटनेच्या दोन घटना होतात आणि मग त्यावर कोणीतरी पेपरही लिहून मोकळं होतं.

एवढं सगळं तारखांचं दळण का दळतेय, तर आमच्या एका सरांनी वर्गात एक प्रकार केला होता. १७६० सालचा छापील पत्रव्यवहार घेतला, आणि पत्रं कधी लिहिली त्या क्रमाने न देता नानासाहेब पेशव्यांना ती कधी पोचली त्या क्रमाने आम्हाला दिली. पुष्कळ जुन्या पत्रांवर पोचल्याची तारीख वेगळी टिपलेली असते, जिथे नव्हती तिथे सरांनी अंतरावरून अंदाज धरला होता. अट एकच, पुढचं माहीत नाही असं समजून वाचायचं आणि प्रत्येक पत्रानंतर सांगायचं, तुम्ही काय केलं असतं.

ऑक्टोबरात मराठ्यांनी कुंजपुऱ्याचा किल्ला घेतल्याची बातमी, वर्ग खूश. मग अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आल्याची बातमी. आता आपल्याला माहितीये की ह्या एका हालचालीने मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ ह्यांची दिल्लीकडची वाट तुटली, पण त्या क्षणी पत्रातून ते तसं दिसत नाही हो! फौज मोठी आहे, इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना सोबत आहे, भाऊ उदगीर जिंकून गेलेला माणूस आहे. त्यानंतर पत्रं विरळ होत जातात कारण वाटाच तुटलेल्या, आणि विरळ होणारी पत्रं हीच खरं तर सगळ्यांत मोठी बातमी असते, पण न आलेलं पत्र कोण वाचणार? वर्गातल्या निम्म्या लोकांनी "अजून थोडं थांबू" असं म्हटलं. हीच मुलं आदल्या वर्षी बीएच्या पेपरात 'पेशव्यांनी वेळेवर मदत पाठवली नाही' असं अधोरेखित करून लिहून आलेली होती.

२७ डिसेंबर १७६० ला नानासाहेबांनी पैठणला दुसरं लग्न केलं. ह्या लग्नावरून त्यांची जेवढी टिंगल होते तेवढी क्वचितच कुणाच्या लग्नाची होत असेल, तिकडे पानिपत आणि इकडे मुंडावळ्या, हे वाक्य भाषणात टाळ्या घेतंच घेतं. पण त्या दिवशी 'पानिपत' नावाची गोष्ट अजून घडलेलीच नव्हती, ती अठरा दिवसांनी घडायची होती. त्या दिवशी पानिपत हे फक्त फौजेचा मुक्काम असलेल्या एका गावाचं नाव होतं. मी पेशव्यांची वकिली करत नाहीये, उपाशी फौज उत्तरेत अडकलीये ह्याची कुणकुण असताना लग्न करणं ह्याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं, माझं मत फारसं चांगलं नाही. माझं म्हणणं एवढंच की आरोपपत्र भरायचं तर २७ डिसेंबरला त्यांच्या हातात काय होतं त्यावरून भरा, १४ जानेवारीला काय झालं त्यावरून नको.

आणि त्यापुढचे दहा दिवस. १४ जानेवारी १७६१ ला लढाई संपली, विश्वासराव गेले, भाऊ गेले. ती बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांना भेलशाजवळ मिळाली ती २४ जानेवारीच्या सुमारास, सावकाराच्या सांकेतिक पत्रातून, त्यात माणसांना मोती आणि मोहरा म्हटलेलं. मधले दहा दिवस नानासाहेब अशा जगात जगत होते जिथे त्यांचा मुलगा जिवंत होता. रोज मुक्काम हलत असणार, हुकूम सुटत असणार, पुढच्या मोहिमेचे हिशेब होत असणार. ह्या दहा दिवसांबद्दल परीक्षेत कधी प्रश्न येत नाही.

परीक्षेत येतो तो 'पराभवाची कारणे लिहा'. दहा मार्कांना. ह्या प्रश्नावर माझा जुना राग आहे. उत्तर सगळ्यांना पाठ असतं, बुणगे, म्हणजे फौजेसोबतची न लढणारी माणसं, आणि यात्रेकरू फार होते, जड तोफखान्यामुळे फौजेचा वेग गेला, राजपूत-जाट सोबत राहिले नाहीत, रसद तुटली. आता कल्पना करा की त्या दुपारी पारडं फिरलं असतं आणि लढाई जिंकली असती, तर दुसऱ्या दिवसापासून 'विजयाची कारणे' म्हणून काय लिहिलं असतं? गारद्यांचा आधुनिक तोफखाना, एकट्याच्या बळावर लढण्याची जिद्द, उपासमारीतही न ढळलेली फौज. यादी तीच, फक्त चिन्हं बदलली असती. काही कारणं खरीच असतात, रसद तुटणं हे कारण कुठल्याही बाजूने खरंच आहे, पण बाकीच्यातली किती कारणं निकाल बघून मागून चिकटवलीयेत हे तपासायची सवय आम्हाला कुणी लावत नाही, कारण तपासत बसलो तर पेपर पूर्ण होणार नाही.

पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे ज्याला सगळे अजून पेशवे दफ्तरच म्हणतात तिथे पहिल्यांदा गेल्यावर प्रत्येकाच्या मनात असतं की आता आपल्याला एखादं जबरदस्त गुप्त पत्र सापडणार. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, समोर येतो, गाठ सोडायची, धूळ उडते, शिंका येतात, आणि आतून निघतात हिशेब. अमक्या गावचा वसूल, तमक्या देवस्थानाला तेल, घोड्यांची चंदी, कारकुनांचा पगार, पुन्हा वसूल. लढाया फार थोड्या. आमच्यातला एक जण तर पहिल्याच दिवशी वैतागून म्हणाला, हे दफ्तर आहे का तलाठ्याचं ऑफिस!

गंमत म्हणजे तो फार चुकलेला नव्हता. १८१८ ला पेशवाई गेल्यावर हे कागद इंग्रजांच्या ताब्यात आले, आणि ते त्यांनी जपले ते काही आपल्या पूर्वजांवरच्या प्रेमापोटी नाही. कुणाकडे कुठलं इनाम आहे, सनद खरी का खोटी, कुणाची जमीन सरकारजमा करता येईल, हे ठरवायला त्यांना कागद लागत होते. इनाम कमिशनला १८५२ च्या कायद्याने तेवढे अधिकारही दिले. ज्या इमारतीत दफ्तर होतं तिला एलियनेशन ऑफिस म्हणायचे त्याचं कारण हेच, एलियनेशन म्हणजे सरकारने इनाम म्हणून सोडून दिलेला महसूल. म्हणजे आपल्या हातात जो भूतकाळ आलाय तो महसूल खात्याच्या चाळणीतून आलाय. ज्या बाईच्या नावावर जमीन नव्हती, ज्या माणसाचं कुठल्या वतनाशी, म्हणजे वंशपरंपरागत हक्काशी, देणंघेणं नव्हतं, त्यांचं नाव यायचं ते बहुधा गुन्हा केला तर नाहीतर दंड भरला तर. हे एकदा लक्षात आलं की 'कागदात नाही म्हणजे झालंच नाही' असं म्हणणाऱ्यांचं मला फार नवल वाटतं.

तसं उलट्या टोकालाही जायला नको. कागदाशिवाय नुसत्या आवेशावर चालणारा इतिहास आपल्याकडे भरपूर आहे, फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येतो. शिवजयंतीच्या आसपास तर विचारूच नका. आता जन्मतारखेचंच बघा, एकेकाळी १६२७ हे साल सर्रास मानलं जायचं. मग कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली पुढे आली, टिळकांनी ती १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत उजेडात आणली, आणि तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. शकावली म्हणजे काय तर एकापाठोपाठ एक घटनांच्या कोरड्या नोंदी, वाचायला अगदी रुक्ष. पण पुढे तंजावरकडे मिळालेल्या शिवभारत ह्या संस्कृत काव्यातही तीच तिथी निघाली, राजस्थानातल्या एका कुंडलीतूनही तेच आलं. एकमेकांशी संबंध नसलेले तीन कागद एकाच दिवसाकडे बोट दाखवतात तेव्हा वजन पडतं, कोण किती जोरात ओरडलं त्याने नाही. त्यातही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या कॅलेंडरची आहे, आजच्या कॅलेंडरने तो १ मार्च येतो. हे मी एकदा ग्रुपवर टाकलं तर एका आत्येभावाने विचारलं, तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?

बाजू! ह्यावर काय बोलणार. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यावरून कागद उतरवून साधनांचे बावीस खंड काढले, त्यांच्या कितीतरी मतांशी आज मी सहमत नाही, त्यांच्या प्रस्तावनांतली काही विधानं वाचून तर हात कपाळावर जातो. पण पत्रं त्यांनी छापली म्हणूनच आज त्यांच्याशी भांडता येतंय, आणि भांडायला लागणारी साधनंही त्यांच्याच खंडांतून काढावी लागतात.

आणि कागदच नसतील तिथे काय करायचं हे मला डी. डी. कोसंबींमुळे कळलं. हा माणूस मूळचा गणिती, पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला नोकरीला जायचा, आणि तक्षशिलेच्या चांदीच्या आहत, म्हणजे छाप ठोकलेल्या, नाण्यांचा अभ्यास त्याने कसा केला तर नाणी तराजूत तोलून. नाणं जितकं जास्त हातांतून फिरतं तितकं झिजतं, वजन कमी होतं, आणि नाण्याच्या मागच्या बाजूला ठराविक काळाने तपासणीचे छाप पडत गेले असतील तर छाप जितके जास्त तितकं वजन कमी असायला हवं. तसंच निघालं. कुणी काही लिहून ठेवलेलं नाही, राजाचं नाव नाही, पण कुठलं नाणं आधीचं कुठलं नंतरचं हे सांगता यायला लागलं. मला ह्यात सगळ्यांत काय आवडतं तर त्या नाण्यांनी कुणाची बाजू घेतलेली नाही. ती फक्त झिजली.

सध्या माझं डेझर्टेशन चाललंय, विषय अठराव्या शतकातले वतनाचे तंटे. एका गावच्या पाटीलकीवरून दोन भावकीत भांडण लागलेलं आहे, कागद अर्धवट पण सुंदर आहेत. गोतसभा, म्हणजे गावकरी आणि वतनदारांची न्यायसभा, बसली, आजूबाजूच्या गावचे पाटील आले, साक्षी झाल्या, महजरावर, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीवर, खाली सगळ्यांच्या निशाण्या, पाटलाचा छोटासा नांगर, सुताराचं हत्यार, ज्याला अक्षर येत नाही तो आपल्या धंद्याचं चित्र काढतो. एका पक्षाचं म्हणणं वाचलं की वाटतं हाच खरा, दुसऱ्याचं वाचलं की वाटतं पहिला चोर आहे. दुसऱ्या पक्षाचा म्हातारा साक्षीदार तर काय बोलतो, दुष्काळात गाव उठून गेलं होतं, परत आलो तेव्हा ह्यांनी वाड्याला आमच्या आधी दार बसवलं होतं. मग पहिला पक्ष रवादिव्य करायला तयार होतो, म्हणजे उकळत्या तेलातून हाताने धातूचा तुकडा काढायचा, हात पिशवीत बांधून मोहर करायची आणि काही दिवसांनी उघडून बघायचं भाजलाय का.

आणि इथे कागद संपतात. दिव्य झालं का, हात भाजला का, काही नाही. हरलेल्याने लिहून द्यायचं ते येजितखत त्या रुमालात नाही. गाईड मॅडम म्हणाल्या विषय बदल, निकालाशिवाय केस स्टडी कशी लिहिणार. मला मात्र पहिल्यांदाच असं झालंय की कागद वाचताना कोण जिंकलं हे मला खरंच माहीत नाही, आणि त्यामुळे दोन्ही पक्षांचं म्हणणं मी जितक्या लक्ष देऊन वाचलंय तितकं आजवर कुणाचंच वाचलेलं नाही. चॅप्टर तसाच लिहायचा ठरवलाय, निकालाशिवाय, मॅडम काय म्हणायचं ते म्हणोत. त्याच परगण्याचे आणखी काही रुमाल यादीत दिसतायत, त्यांच्यासाठी अर्ज टाकलाय, पण खरं सांगू का, त्यात येजितखत निघालंच तर ते चॅप्टर लिहून होईपर्यंत कुणीतरी माझ्यापासून लपवून ठेवावं असं वाटतंय.